लेन्स नंतर घ्या, आधी एक जागा धरा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो थोडक्यात परत लिहिते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल कशाबद्दल चाललंय ते. तुम्ही नाशिकला इंदिरानगरला राहता, अंबडला कंपनीत अकाउंट्स बघता, सुट्टी शनिवारी, मुलगी आठ वर्षांची. दोन वर्षांपूर्वी क्रॉप सेन्सरचा (म्हणजे थोड्या लहान सेन्सरचा) कॅमेरा आणि ७०-३०० मिलिमीटरची लेन्स घेतली, यात आकडा जितका मोठा तितका पक्षी मोठा दिसतो. नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात पाच वेळा जाऊन आलात, पक्षी भरपूर दिसले, पण फोटोत सगळे एवढेसे आणि वर धुरकट. आता हप्त्यावर १५०-६०० घ्यावी का, हा प्रश्न. आणि शेवटी एक ओळ आहे की घरचे म्हणतात पक्षी, फोटो आणि गाण्याचे कार्यक्रम असे तीन तीन छंद, एकही धड होत नाही, दोन सोडून दे.

लेन्सचं सांगतेच, पण ती शेवटची ओळ मला जास्त लागली, तिच्याकडेही येते. मी बँकेत नोकरी केली, पक्षी बघायला लागून २४ वर्षं झाली, कॅमेरा त्यानंतर पाचेक वर्षांनी हातात आला. म्हणजे तुमच्यासारखंच, डबे करून आणि शाळेची रिक्षा सांभाळून उरलेल्या वेळात.

"लहान" आणि "धुरकट" या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, त्या आधी वेगळ्या करू. पक्षी लहान येतो कारण तो लांब असतो. फोटो धुरकट येतो तो बहुतेक वेळा तुमच्या आणि पक्ष्याच्या मधल्या हवेमुळे. तुम्ही लिहिलंय की घरचं आवरून निघेपर्यंत आठ वाजतात आणि अभयारण्याजवळच्या चापडगावला पोचेपर्यंत साडेनऊ. तिथेच निम्मं उत्तर आहे. थंडीतही नऊ-साडेनऊला ऊन चढलं की जमीन तापते, बांधावरची हवा हलायला लागते, डांबरी रस्त्यावर उन्हाळ्यात पाणी हलल्यासारखं दिसतं तोच प्रकार, फक्त कमी. शंभर मीटर लांबचं काही या हवेतून काढलं की कितीही महाग लेन्स असू दे, कडा विरघळल्यासारख्या येतात. ६०० ची लेन्स पक्षी मोठा करते तशी ही थरथरही मोठी करते. म्हणजे आता तुम्हाला धुरकट लहान करकोचा मिळतो, हप्ते सुरू झाल्यावर धुरकट मोठा मिळेल. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, आमच्या ग्रुपमधल्या एकाने लेन्स घेतली आणि पहिले चार महिने तो लेन्सच खराब निघाली म्हणून दुकानात चकरा मारत होता, नंतर एकदा सकाळी सातला आला आणि त्याच लेन्सने चक्रवाकाचं पीस न् पीस मिळालं.

आता लहानपणाचा, म्हणजे आकाराचा हिशोब. हा मी कागदावर करून बघितला होता तेव्हा मला लख्ख प्रकाश पडला. बुलबुल साधारण २० सेंटीमीटरचा. तो २० मीटरवर असेल आणि लेन्स ३०० ला असेल तर तुमच्या सेन्सरवर त्याची लांबी ३ मिलिमीटर येते, आणि सेन्सरची रुंदी असते साडेतेवीस मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे फोटोचा आठवा भाग. तोच बुलबुल १० मीटरवर आला की ६ मिलिमीटर, जवळजवळ पाव फोटो. ६०० ची लेन्स लावून २० मीटरवरून काढला तरी तेवढाच येतो. म्हणजे अंतर निम्मं करणं आणि लेन्स दुप्पट करणं आकारापुरतं एकच आहे, फक्त अंतर निम्मं करायला पैसे लागत नाहीत, वेळ लागतो. शिवाय ती लेन्स दोन किलोच्या आसपास, आणि ६०० ला गेल्यावर एफ ६.३ (एफचा आकडा मोठा तितका आत येणारा प्रकाश कमी), म्हणजे पहाटेच्या अंधुक उजेडात, जेव्हा पक्षी सगळ्यात छान वागत असतात, तेव्हा आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता, वर चढवावी लागते आणि फोटो दाणेदार होतो.

अंतर कमी करायचं म्हणजे पक्ष्याच्या मागे लागायचं असं मात्र करू नका. मी सुरुवातीची दोन वर्षं तेच केलं, वाकून वाकून पुढे जायचं, आणि शंभर फुटांवर गेलं की भुर्रकन उडाला. मागे लागलं की पक्षी लांबच जातो. तो आपल्याकडे येईल असं बसावं लागतं. त्यासाठी त्याची सवय माहीत पाहिजे, आणि वर्षातून तीनदा ४०-४५ किलोमीटरवर जाऊन कुणाची सवय कळत नाही. म्हणून म्हणते, एक जागा धरा. घराजवळची. दर शनिवारी तीच.

इंदिरानगरवरून तुम्हाला सोयीची म्हणजे पांडवलेणीचा पायथा, नेहरू वनोद्यानाची बाजू. सकाळी फिरायला येणारी माणसं असतात, बाईमाणसाला एकटीने कॅमेरा घेऊन बसायला ते फार महत्त्वाचं आहे, मी स्वतः निर्जन जागी एकटी कधीच जात नाही आणि तुम्हीही जाऊ नका. तिथे पहिल्या महिन्यात तुम्हाला बुलबुल, दयाळ, सूर्यपक्षी, कोतवाल, भारद्वाज, तांबट, वेडा राघू एवढे तरी भेटतील. "हे तर सगळीकडे असतात" असं वाटेल. पण दयाळ रोज सकाळी गायला त्याच दोन-तीन काटक्यांवर येतो हे तुम्हाला तिसऱ्या शनिवारी कळेल. वेडा राघू हवेतून माशी पकडून परत त्याच तारेवर किंवा त्याच फांदीवर येतो, ती फांदीवर आपटतो आणि मग खातो. हे कळलं की तो उडून गेला तरी तुम्ही हलायचं नाही, फोकस रिकाम्या फांदीवर ठेवून थांबायचं. तो येतो. अगदी १० मीटरवरही येतो, कारण तुम्ही त्याच्याआधी तिथे होतात, तुम्ही त्याच्या हिशोबात झाडच.

बसण्याबद्दल थोडं. पांढरे आणि भडक कपडे नकोत, मळखाऊ कुर्ता चांगला. पाठ झाडाला किंवा दगडाला टेकवून बसायचं म्हणजे आकृती उठून दिसत नाही. सूर्य पाठीशी. पहिली वीस मिनिटं कॅमेरा पिशवीत. हे लोकांना पटत नाही पण माझा यावर फार भरवसा आहे. त्या वीस मिनिटांत फक्त बघायचं आणि ऐकायचं, आपण आल्यामुळे गप्प झालेली झाडी परत बोलायला लागते तोपर्यंत. आणि पुढे सरकायचंच असेल तर सरळ चालत जायचं नाही, तिरकं जायचं, नजर रोखून बघायचं नाही. पक्ष्याने खाणं थांबवून मान वर केली की तिथेच थांबायचं. तो परत खायला लागला तरच पुढचं पाऊल. मान वर केल्यावर जे पाऊल टाकाल त्यानंतर तो उडणारच.

आणि एक गोष्ट जी मला सांगायला आजही जड जाते. कॅमेरा घेतल्यानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात आमच्या कॉलनीत बोगनवेलीमध्ये बुलबुलाचं घरटं होतं, आत तीन पिल्लं. समोर दोन फांद्या आडव्या येत होत्या म्हणून मी त्या सुतळीने बाजूला बांधल्या, फोटो काढले, छान आले, फांद्या सोडायला विसरले नाही पण दुसऱ्या दिवशी परत काढायचेत म्हणून मुद्दाम तशाच ठेवल्या. सकाळी गेले तर घरटं रिकामं. कावळ्याला वाट मीच करून दिली होती. आई-बाप दोघं दिवसभर चोचीत किडे घेऊन त्या वेलीभोवती फिरत होते. ते फोटो मी कुणाला दाखवले नाहीत. त्यानंतर घरट्याचा फोटो काढला नाही आणि काढणाऱ्याला शिकवतही नाही. तसंच मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणं, तेही नको. विणीच्या काळात तो ते सगळं सोडून भांडायला येतो, आपल्याला फोटो मिळतो आणि त्याची सकाळ वाया जाते.

नांदूरमध्यमेश्वर सोडून द्या असं माझं म्हणणं नाही, तेवढं भाग्य कुठल्या शहराला असतं. गोदावरी आणि कादवेच्या संगमावर १९०७ ते १९१३ च्या दरम्यान दगडी बंधारा बांधला, त्याच्यामागे गाळ साचत गेला, उथळ पाणी, बेटं, पाणवनस्पती तयार झाल्या आणि पक्षी यायला लागले. १९८६ ला अभयारण्य झालं आणि पुढे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) पण तेच. पण ती जागा उथळ आणि पसरलेली आहे म्हणूनच पक्षी लांब असतात, हे लक्षात घ्या. मनोऱ्यावरून बघायला मस्त, फोटोला तितकं नाही, कारण अंतरही जास्त आणि कोनही वरून खाली, पक्षी पाण्याला चिकटल्यासारखा दिसतो. त्याच्या डोळ्याच्या पातळीला कॅमेरा आला की साधा वारकरी पण (तो काळा, कपाळावर पांढरा टिळा असलेला, तिथे शेकड्याने असतो) बघत राहावा असा येतो.

तर वर्षातून तीनदा जा, पण नीट जा. नोव्हेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत. घरातून साडेपाचला निघा म्हणजे उजाडता उजाडता पोचाल, जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातनंतरच वर येतो. निफाडची थंडी तुम्हाला माहितीये, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातल्या पाऱ्याची बातमी दर वर्षी पेपरात येते, तेव्हा हातमोजे न्या, बोटं आखडली की शटर दाबता येत नाही. पाण्यावर धुकं असेल तर ते विरेपर्यंत थांबा किंवा धुक्याचेच फोटो काढा. नऊपर्यंत फोटो, नऊनंतर कॅमेरा बंद आणि नुसती दुर्बीण. तिथल्या स्थानिक गाईडला सोबत घ्या, त्यांच्याकडे मोठा स्कोप (स्टँडवरची दुर्बीण) असतो आणि आज पाणी किती आहे, कुठली बाजू उघडी पडलीये हे त्यांनाच माहीत असतं. सिंचनाला पाणी सोडलं की पातळी उतरते, चिखल उघडा पडतो, मग शेकाटे आणि बाकीचे चिखलातले पक्षी काठाजवळ येतात. पाणी भरलेलं असलं की बदकांची मजा, पण ती मध्यभागी. पाच वेळा जाऊन तुम्हाला पाच वेगळी तळी दिसली असतील ती यामुळे.

जिथे गाडी नेऊ देतात त्या रस्त्यावर गाडीतच बसा. पक्षी माणसाच्या आकृतीला जितके दचकतात तितके उभ्या गाडीला दचकत नाहीत. इंजिन बंद करायचं, नाहीतर कंपनं लेन्सपर्यंत येतात. काच अर्धी खाली, त्यावर कापडी पिशवीत दीड-दोन किलो तांदूळ भरून ठेवायचे आणि लेन्स त्यावर टेकवायची. ट्रायपॉडपेक्षा मला हे आवडतं. बसलेल्या पक्ष्याला १/५०० सेकंदाच्या आसपास शटर, उडणाऱ्याला १/१६०० किंवा वर, आयएसओ ऑटोवर. थोडा दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही. गडद पाण्यावर पांढरा बगळा असेल तर एक्स्पोजर थोडं उणे करा नाहीतर पिसं जळून पांढरा ठिपका उरतो, आणि उघड्या आकाशातला पक्षी काळा येतो म्हणून तिथे थोडं अधिक. सेटिंगबद्दल याहून जास्त सांगत नाही, हे हाताने केल्याशिवाय बसत नाही.

मग ६०० ची लेन्स कुणी घ्यायचीच नाही का? घ्यायची, ते तुमचा जीव कशात अडकतो त्यावर आहे. वर्षभर एक जागा धरून झाल्यावर तुम्हाला कळलं की आपल्याला गिधाडं, ससाणे, भोवत्या अशा शिकारी पक्ष्यांचंच वेड आहे, तर मग लेन्स लागेल. अंजनेरीच्या कड्यांवर गिधाडं आहेत, तिथे जवळ जाता येत नाही आणि जाऊही नये, तिथे लांबच राहायचं असतं म्हणून मोठी लेन्स. आणि तुमची पाठ, खांदे यांची पण परवानगी लागेल, माझ्या मानेने दोन वर्षांनी नकार दिला. घ्यायच्या आधी एक दिवस भाड्याने आणा, लग्नाचे फोटोग्राफर जिथून नेतात तिथे बरेचदा मिळते, आणि ती पांडवलेणीलाच घेऊन जा, तुमच्या ओळखीच्या फांदीवर. फरक किती पडतो ते तिथे खरं कळेल. जुनी घेणार असाल तर आतून टॉर्च मारून बुरशी बघा, माझी एक लेन्स आपल्या पावसाळ्यात कपाटात राहून गेली, तेव्हापासून हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवते.

हप्त्याचे पैसे आत्ता खर्चायचेच असतील तर त्यातल्या थोड्या भागात ८ बाय ४२ ची बरी दुर्बीण घ्या. ८ म्हणजे आठ पट जवळ, ४२ म्हणजे पुढच्या काचेचा व्यास मिलिमीटरमध्ये, त्याला ८ ने भागलं की सव्वापाच येतं, तेवढ्या मिलिमीटर रुंदीचा प्रकाशाचा झोत डोळ्यात येतो म्हणून पहाटे पण छान दिसतं. १० पटीची घेऊ नका, हात थरथरला की तेही दहा पट. तुमच्याकडे दुर्बीण नाहीये हे तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात खटकलं. कॅमेऱ्यातून बघताना आपण पक्षी बघत नसतो, फोकस बघत असतो.

म्हणजे आत्तापर्यंतचं एवढंच: धुरकटपणाला वेळ बदला, लहान आकाराला जागा धरा, लेन्स वर्षाने. आता घरच्यांचं.

तीन छंद वेगळे आहेत असं त्यांना बाहेरून वाटतं. तुम्ही लिहिलंय की पाडवा पहाटला पिंपळपारावर जाता, कालिदास कलामंदिरात शास्त्रीय कार्यक्रम असला की शक्यतो चुकवत नाही, आणि तिथेही फोटो काढता पण ते "अंधारे आणि हललेले". मी पण दोन्ही करते, आणि मला पक्ष्यांपाशी बसायला कुणी शिकवलं असेल तर मैफिलीने. विलंबित ख्याल चालू असतो तेव्हा तुम्ही काय करता? काही होण्याची घाई करत नाही. गायक स्वरावर थांबलाय, तुम्हीही थांबता, आणि सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, जवळ आली की अंगाला आधी कळतं. फोटोला नेमकं हेच लागतं. वेडा राघू फांदीवर परत यायचा क्षण आणि समेवर गायक तबलजीकडे बघून हसतो तो क्षण, दोन्ही ठिकाणी बोट आधीच शटरवर असावं लागतं, दिसल्यावर दाबलं की उशीर झालेला असतो. मी पहिला मोठा ख्याल पूर्ण होईपर्यंत कॅमेरा काढतच नाही, पांडवलेणीला वीस मिनिटं तसं इथे. तेवढ्यात कळतं की यांचा डावा हात वर जातो की उजवा, तानेला डोळे मिटतात की नाही, तंबोऱ्यावर मागे बसलेली शिष्या कधी मान डोलावते. मग छोट्या ख्यालात चार-पाच फोटो, बास.

मैफिलीला ती ७०-३०० घरी ठेवा. ५० ची एफ १.८ लेन्स, ती स्वस्तातली असते, ती घ्या, दुर्बिणीनंतरची खरेदी हीच असू दे. तिसऱ्या-चौथ्या रांगेच्या कडेला बसायचं, फ्लॅश कधीच नाही, आयोजकांना आधी विचारायचं. शटर १/१२५ ते १/१६० आणि आयएसओ ३२०० ला बिचकायचं नाही. आवाज होऊ नये म्हणून सायलेंट शटर लावलं तर एलईडी दिव्यांखाली फोटोत आडवे पट्टे येऊ शकतात, कारण आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे काही दिवे सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात. तसं दिसलं तर शटर १/१०० ला आणा, बहुतेक वेळा पट्टे जातात. नाहीच गेले तर साधं शटर ठेवा आणि फक्त टाळ्यांच्या आवाजात दाबा. शांत आलापात खटका वाजवून कुणाचा स्वर मोडण्यापेक्षा तो फोटो राहिलेला बरा.

वेळेचं म्हणाल तर बघा, माझ्या हिशोबाने शनिवारी साडेसहा ते साडेआठ पांडवलेणी, नऊला तुम्ही घरी. अख्खा शनिवार जात नाही. घरच्यांची तक्रार छंदांवर कमी असेल आणि पूर्ण दिवस गायब होण्यावर जास्त असेल असं मला वाटतं, तुमचं घर तुम्हाला माहीत, पण माझ्याकडे तसंच होतं. मी दिवसभराच्या ट्रिपा कमी करून रोजची जागा धरली आणि वाद आपोआप मिटला.

आणि लेकीला न्या. आठ वर्षांच्या मुलीला ४२ ची दुर्बीण जड होते आणि डोळ्यांतलं अंतरही जमत नाही, तिला ८ बाय ३२ ची हलकी चालेल, दुकानात तिच्या डोळ्यांना लावून बघूनच घ्या. एक दोनशे पानी वही तिच्या हातात द्या, तारीख, वेळ, कोण दिसलं, काय करत होतं, नावं नाही आली तरी चालेल, "लाल बुडाचा, टोपीवाला" असं लिहू दे. मुलांचं ऐकणं आपल्यापेक्षा फार तल्लख असतं, ती आवाज ओळखायला लागली की तुम्हाला बघायची दिशा तीच सांगेल. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये एखाद्या सकाळी शेपटी वरखाली करत पळणारा पांढरा धोबी दिसला की त्या वहीत त्याच्यापुढे मोठी चांदणी काढा, तो उत्तरेकडून एवढा उडून आलेला असतो, मार्चच्या आसपास परत जातो. पुढच्या वर्षी तो कुठल्या तारखेला येतो ते तुम्हा दोघींना बघायचं असेल.

पहिले चार शनिवार झाले की इथेच लिहा, फोटो नसले तरी चालेल, वहीतली पानं टाका. कुठल्या फांदीवर कोण येतंय ते सांगा, मग कुठे बसायचं ते आपण ठरवू.